आज लाट आहे का? बेभरवशाच्या पुळणीवर समुद्र वाचताना

आमच्या पुळणीचं नाव मी सांगणार नाही. वेंगुर्ला आणि तेरेखोल यांच्या मध्ये कुठेतरी ती आहे, एवढं पुरे. सर्फिंग करणाऱ्यांना ही खोड असतेच. खरं तर लपवण्यासारखं तिथे फार काही नाही. माझ्या वहीतल्या नोंदींवरून वर्षातले साठ-सत्तर दिवस तिथे फळीवर उभं राहण्याजोगी लाट येते. बाकीचे दिवस समुद्र एक तर परातीतल्या पाण्यासारखा सपाट, नाहीतर वाऱ्याने विस्कटलेला. आणि त्या साठ-सत्तर दिवसांतही लाट काही दिवसभर बसून राहत नाही. सकाळी सातला असते, दहाला नसते. दहाला आलेला माणूस म्हणतो, इथे लाटा येतच नाहीत, आणि हरमलला जेवायला निघून जातो.

सात आणि दहाच्या मध्ये नेमकं काय बदललं, हे कळायला मला तीन वर्षं लागली. ते इथे सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो. फळीवर कधीच उभं राहायचं नसलं तरी चालेल. समुद्रात पाय घालणाऱ्या कोणालाही यातला बराचसा भाग उपयोगी पडेल.

पहिल्या वर्षी मी मोबाईलवरच्या अंदाजावर विसंबून होतो. मे महिन्यातल्या एका शनिवारी त्यात लाटेची उंची दिसली १.४ मीटर. त्याआधी एकदा १ मीटरच्या लाटांवर मी मजेत सकाळ घालवली होती. म्हणजे आज जवळजवळ दीडपट मजा, असा माझा हिशेब. फळी गाडीच्या टपावर बांधली, वाटेत घावणे-चटणी झाली, आणि अकराला पोचलो. समुद्रभर पांढरे तुरे. लाटा दिसत होत्या, पण कोण कुठून येतेय त्याचा पत्ता नाही, सगळ्या एकमेकींच्या अंगावर. तासभर फळी ढकलली, नाकातोंडात पाणी गेलं, एकही लाट मिळाली नाही. रापणीचं जाळं सारखं करत बसलेले एक म्हातारे गृहस्थ हे सगळं बघत होते. गावात त्यांना सगळे तात्याच म्हणतात. मी बाहेर आल्यावर ते म्हणाले, "ही लाट न्हय रे, हो वारो."

या एका वाक्यात अर्धा विषय संपतो.

समुद्रावरची बहुतेक प्रत्येक लाट वाऱ्यानेच केलेली असते. प्रश्न एवढाच, की कुठल्या वाऱ्याने आणि कधी. इथल्या इथे, आज सकाळपासून वाहणाऱ्या वाऱ्याने उठवलेली लाट कच्ची असते: आखूड, टोकदार, एकीच्या मागे लगेच दुसरी. हजारो किलोमीटरवरच्या वादळाने उठवलेली लाट मात्र वाटेत चाळून निघते. आखूड लाटा वाटेतच विरतात, लांब लाटा टिकतात, आणि इथे पोचेपर्यंत त्यांच्या ओळी शेतातल्या सरींसारख्या सरळ आणि सुट्या झालेल्या असतात. सर्फर या दुरून आलेल्या लाटांना स्वेल म्हणतात. मराठीतही आता तोच शब्द रुळलाय.

दोघींतला फरक उंचीवरून कळत नाही, पिरियडवरून कळतो. एक लाट गेल्यापासून दुसरी येईपर्यंत किती सेकंद लागले, तो पिरियड. अंदाजात हा आकडा उंचीच्या बाजूला बारीक अक्षरात असतो आणि नवखा माणूस तो वाचतच नाही. त्या शनिवारी तो ६ सेकंद होता. माझ्या आधीच्या चांगल्या सकाळी तो १४ होता.

सहा आणि चौदात एवढं काय, असं वाटेल. खोल पाण्यात लाटेची लांबी, म्हणजे एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचं अंतर, पिरियडच्या वर्गाच्या साधारण दीडपट असते, मीटरमध्ये. सहा सेकंदांची लाट ५६ मीटर लांब, चौदाची ३०० मीटरहून जास्त. आणि लाट आपल्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पाणी हलवते. म्हणजे सहाची लाट वरवरचं २८ मीटर पाणी ढवळत येते. चौदाची लाट दीडशे मीटर खोलीपासूनचं. बाहेर दोन्ही एकाच उंचीच्या दिसतील, पण काठाजवळ उथळात आल्यावर चौदाची लाट उठून उभी राहते, कारण तिच्या पोटात तेवढी शिदोरी असते. ताकदीचा ढोबळ हिशेब उंचीचा वर्ग गुणिले पिरियड असा करतात. १ मीटर आणि १४ सेकंद: चौदा. १.४ मीटर आणि ६ सेकंद: जेमतेम बारा. माझी दीडपट मजा गणितातच कमी भरत होती. वर ती बारा एककं विस्कटलेली, कुठल्याही एका लाटेत एकवटलेली नव्हती.

उंचीच्या आकड्यात आणखी दोन गफलती दडलेल्या असतात. अंदाजातली उंची ही सरसकट सरासरी नसते. सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्यामुळे अंदाज १ मीटरचा असला तरी दोन-तीन तासांत कधीतरी त्याच्या दुप्पट उंचीची लाट येऊ शकते, आणि ती येते नेमकी आपण फळीवर बसून सूर्योदय बघत असताना. दुसरी गफलत बेरजेची. स्वेल १ मीटर आणि वाऱ्याची लाट १ मीटर असेल तर अंदाज २ मीटर दाखवत नाही, १.४ दाखवतो, कारण बेरीज उंचीची होत नाही, ऊर्जेची होते. तेव्हा एकूण उंचीकडे न बघता स्वेल वेगळी आणि वाऱ्याची लाट वेगळी बघायची. जवळजवळ सगळ्या ॲपमध्ये ती वेगळी दिसते. एक बटण जास्त दाबावं लागतं, इतकंच.

आता ही चौदा सेकंदांची लाट येते कुठून? अरबी समुद्रात तेवढी जागा सहसा पुरत नाही. ती येते थेट हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडून, दक्षिण गोलार्धात ४० अंश अक्षांशाच्या खाली पृथ्वीला फेऱ्या घालणाऱ्या वादळी पट्ट्यातून. आपल्यापासून सहा हजारांहून जास्त किलोमीटर. चौदा सेकंदांच्या लाटांचा जथा दिवसाला साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास कापतो, म्हणजे आज तिथे वादळ झालं तर त्याची लाट आमच्या पुळणीवर सहा-सात दिवसांनी. अठरा सेकंदांच्या लाटा त्याहून वेगवान, त्या दीड दिवस आधी पोचतात. म्हणूनच नवीन स्वेल येताना आधी उंची नगण्य आणि पिरियड मोठा दिसतो: अर्धा मीटर, १८ सेकंद. नवखा म्हणतो, काही नाही आज. जुना माणूस उद्याची रजा टाकतो. मग दोन-तीन दिवसांत उंची वाढते आणि पिरियड १८, १६, १४ असा उतरत जातो. पाहुण्यांचं सामान आधी यावं आणि पाहुणे मागून, तसं.

जथा म्हटलं ते मुद्दाम. लाटा एकसारख्या येत नाहीत, घोळक्याने येतात. चार-पाच मोठ्या, मग दहा मिनिटं शुकशुकाट, मग पुन्हा चार-पाच. याला सेट म्हणतात. किंचित वेगवेगळ्या पिरियडच्या लाटा एकत्र चालतात तेव्हा कधी त्यांचे माथे जुळतात आणि कधी एकीचा माथा दुसरीच्या खळग्यात पडतो. जुळले की मोठ्या, पडले की सपाट. त्यामुळे पुळणीवर पोचल्या पोचल्या "सपाट आहे रे" म्हणून परत फिरू नका. निदान वीस मिनिटं बसा. उलटही खरंच: शुकशुकाटात समुद्र गरीब दिसला म्हणून पोरांना कमरेभर पाण्यात सोडू नका.

दुरून येणाऱ्या या लाटेची केरळच्या कोळ्यांना फार जुनी ओळख आहे. तिकडे तिला 'कल्लक्कडल' म्हणतात, चोर समुद्र. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, कुठे वादळाचं नाव नाही, आणि पाणी अचानक घरात शिरतं. हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे 'इन्कॉइस', आता अशा लाटांचे इशारे आधी देतं. ते मच्छीमारांसाठी असतात, पण आपल्यालाही ते फुकट बघता येतात आणि मला तरी चकचकीत ॲपांपेक्षा ते जास्त भरवशाचे वाटतात.

दक्षिणेची वादळं जोरात असतात तिकडच्या हिवाळ्यात, आपल्याकडच्या मे ते सप्टेंबरात. आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे पाऊस. जून ते ऑगस्टमध्ये उत्तम स्वेल येत असणार यात शंका नाही, पण तिच्यावर मोसमी वाऱ्याच्या तीन-तीन मीटरच्या कच्च्या लाटांचा ढिगारा पडलेला असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जगलेले लोक होड्या शाकारून ठेवतात तिथे आपण फळी घेऊन जाऊ नये, इतकं साधं आहे. म्हणून आमचे चांगले दिवस कडेकडेला येतात: एप्रिल-मेचा पूर्वार्ध, जेव्हा दक्षिण जागी झालेली असते पण मोसमी वारा आलेला नसतो, आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, जेव्हा वारा गेलेला असतो पण दक्षिण अजून झोपलेली नसते. हिवाळ्यात एक वेगळीच, धाकटी पाहुणी येते. अरबस्तानाकडून शमाल नावाचे वायव्य वारे सुटतात, त्यांच्या सहा-आठ सेकंदांच्या लाटा रत्नागिरी-गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पोचतात. ताकद बेताची, पण नवशिक्यांना बरी.

दिशा इथेच बघायची. दक्षिण-नैऋत्येची स्वेल आली की ज्या पुळणीच्या दक्षिणेला डोंगराचं नाक पुढे आलेलं आहे तिथे ती अडते, आणि उघड्या पुळणीवर येते. वायव्येची आली की नेमकं उलट. मालवणच्या बंदरात स्वेल का शिरत नाही? समोर सिंधुदुर्गाचं बेट आणि आजूबाजूचे पाण्याखालचे खडक. शिवाजी महाराजांनी जागा निवडली ती सर्फरांच्या सोयीसाठी नव्हे.

मेमधल्या त्या फजितीत स्वेल नव्हतीच. पण स्वेल असूनही दिवस वाया जातो तो वाऱ्यामुळे. शाळेतलं भूगोलाचं पुस्तक आठवा: खारे वारे आणि मतलई वारे. परीक्षेपुरतं पाठ करून विसरलेला तो धडा आहे, आणि माझ्या मते कोकणच्या सर्फिंगबद्दलचा सगळ्यांत चांगला धडा तोच आहे. रात्री जमीन लवकर थंड होते, पाणी ऊब धरून राहतं, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो: मतलई. दुपारी जमीन तापते आणि वारा उलटा फिरतो: खारा. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या.

मतलई वारा लाटेच्या तोंडावर येतो. फुटायला आलेल्या लाटेला तो मागे रेटून धरतो, तिची भिंत गुळगुळीत ठेवतो, आणि ती थोडी उशिरा, थोड्या उथळ पाण्यात, नीट वळून फुटते. खारा वारा पाठीमागून येतो, माथा आधीच ढकलून पाडतो, आणि लाट लगद्यासारखी कोसळते. सातला असलेली लाट दहाला का नसते याचं निम्मं उत्तर हे. स्वेल तशीच असते, वारा फिरलेला असतो.

वारा बघायला मला मोबाईल लागत नाही. पुळणीच्या मागच्या वाडीत पहाटे न्हाणीघराची चूल पेटलेली असते. तिचा धूर माडांच्या मधून निघून समुद्राकडे झुकला असेल तर मतलई चालू आहे. धूर सरळ वर जायला लागला की तुमच्याकडे अर्धा-पाऊण तास उरला. धूर गावाकडे वळला की चहा प्यायला जायचं. माडाच्या झावळ्यांवरून जोर कळतो: नुसती टोकं हलत असतील तर चालेल, अख्खी झावळी एका बाजूला वळत असेल तर नाही. मतलई सगळ्यांत भरवशाची डिसेंबर ते मार्चमध्ये, स्वच्छ आणि थंड रात्रींनंतर. मेमध्ये रात्रभर जमीन निवतच नाही, तेव्हा मतलई नावापुरती. उन्हाळ्यात दुपारचा वारा वायव्येकडे सरकतो, म्हणून दुपारीच जायची पाळी आली तर ज्या पुळणीच्या उत्तरेला डोंगराचं नाक आहे तिच्या उत्तर टोकाला जा. तिथे आडोसा मिळतो. निम्म्या उंचीची का होईना, पण नीट लाट मिळते.

उरलेलं निम्मं उत्तर भरतीचं, आणि इथे मला मोह आवरत नाही, कारण हिशेब फार सुंदर आहे.

लाट फुटते ती पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या थोडी वर उरते तेव्हा. १ मीटरची लाट साधारण १.३ मीटर पाण्यात फुटेल, म्हणजे छातीभर पाण्यात. आमच्या पुळणीसमोर, काठापासून साठ-सत्तर पावलांवर, पाण्याखाली वाळूचा एक बांध आहे. उधाणाच्या ओहोटीला त्यावर गुडघाभर पाणी असतं, भरतीला डोक्यावरून जातं. गुडघाभर असताना लाट बांधावर येते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम धाडकन पडते. डोक्यावर असताना तिला बांध जाणवतच नाही. ती तशीच पुढे येते आणि काठाच्या चढावर आपटते, जिथे फळीचं नाक मोडतं आणि कधी आपलंही. बांधावर छातीभर पाणी असेल तेवढा वेळच ती एका बाजूने उसवत जाते, आणि त्या उसवणाऱ्या कडेवरूनच आपल्याला पळायचं असतं. तेव्हा खरा प्रश्न असा: बांधावर छातीभर पाणी किती वाजता?

यासाठी पंचांग पुरतं. तिथीला पाऊणने गुणा, मुंबईच्या भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून आमच्याकडे तासभर वजा करायचा. सव्वाबारा तासांहून किंचित जास्त वेळाने पुन्हा भरती, मध्ये ओहोटी. हिशेब ढोबळ आहे हे खरं. पौर्णिमेला सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण, अशी दीड तासाची उडी त्यात पडते, आणि समुद्र काही अशा उड्या मारत नाही. तो रोज पन्नासेक मिनिटं मागे सरकतो. पण कोणी काकू "आज चतुर्थी, उपास आहे" म्हणाल्या की मला भरतीची वेळ कळते, ही गंमत कुठल्या ॲपमध्ये नाही.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, खरं तर एक-दोन दिवसांनी, उधाण. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी सगळ्यांत कमी चढतं-उतरतं ते दिवस. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होतं, गोव्याकडे त्याच्या निम्मं. उत्तरेकडे समुद्राचा उथळ तळ रुंद होत जातो आणि भरतीचं पाणी तिथे चढत जातं, खंभातच्या आखातात तर विचारूच नका. आमच्याकडे उधाणाचा फरक दोन मीटरच्या आसपास, भांगाचा जेमतेम मीटरभर.

आणि पाणी एकसारख्या वेगाने चढत-उतरत नाही. सहा तासांतल्या पहिल्या आणि शेवटच्या तासाला ते जवळजवळ रेंगाळतं, मधल्या दोन तासांत निम्मं अंतर कापतं. उधाणाला या मधल्या दोन तासांत पाणी मीटरभर सरकतं. म्हणजे छातीभरचं कमरेवर आणि कमरेचं मांडीवर यायला वेळ लागत नाही, लाट चालू झाली म्हणेपर्यंत संपते. भांगाला तेवढ्याच वेळात अर्धा मीटर. बांधावरचं पाणी तासन्‌तास छातीच्या आगेमागे राहतं. भांगाच्या दिवसांना लोक नाक मुरडतात, पाण्यात जोर नाही म्हणतात. आमच्या बांधावर मात्र भांग हाच सण.

हा बांध कायमचा नसतो, ही आणखी एक भानगड. पावसाळ्यातल्या लाटा काठाची वाळू ओढून समुद्रात नेतात आणि तिथे बांध घालतात. पाऊस संपला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू काठावर परत आणतात. म्हणून ऑक्टोबरात बांध उंच आणि नीट, मार्चपर्यंत तो विरघळलेला, आणि पुळण मात्र रुंद आणि पर्यटकांना हवी तशी. गेल्या वर्षीची जागा यंदा चालेलच असं नाही. पहिल्यांदा ओहोटीला जाऊन पायी बघून यायचं, मळ्यात पाणी लावण्याआधी बांध बघतात तसं.

बांधाला खिंड असते. लाटांनी बांधाच्या आत आणून टाकलेलं पाणी परत जाणार कुठून? ते काठाने सरकत खिंडीपर्यंत जातं आणि तिथून जोरात बाहेर. हाच रिप करंट; आमच्याकडे नुसतंच 'ओढ' म्हणतात. वरून पाहिलं तर दोन्हीकडे पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत, लाट न फुटणारी वाट. पोहायला आलेली माणसं हमखास तीच शांत जागा निवडतात. मोठ्या लाटांच्या दिवशी ही ओढ सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाते, त्याविरुद्ध कोणीही पोहू शकत नाही. ओढ सहसा पाण्याखाली खेचत नाही, बाहेर नेते. माणूस बुडतो तो काठाकडे पोहण्याच्या हट्टाने दमून. सापडलात तर तरंगा, हात वर करा, आणि काठाला समांतर, फेस दिसतोय त्या बाजूला सरका. फेस म्हणजे उथळ पाणी, आणि तिथल्या लाटाच तुम्हाला आत आणतात. आम्ही फळीवाले हीच ओढ बाहेर जायला फुकटची लिफ्ट म्हणून वापरतो, पण फळी पायाला बांधलेली असते आणि परतीची वाट ठरलेली असते.

खाडीच्या तोंडाला याहून वाईट. तिथे सुकतीच्या वेळी अख्खी खाडी रिकामी होत असते. दुसऱ्या वर्षी एकदा तिथे फार सुबक लाट दिसली, खाडीने आणलेल्या वाळूवर लांबच लांब उसवत जाणारी. पौर्णिमेचा दुसरा दिवस, दुपारचे दोन. मी फळी काखेत मारली तेवढ्यात तात्या ओरडले, "आज पाण्याक ओढ आसा. खाडीच्या तोंडार जाव नको." मी त्यांच्याकडे बघून हसलो आणि गेलो. बाहेर पडायला तीन मिनिटं लागली, परत यायला एक तास दहा मिनिटं, आणि तेही पलीकडच्या काठावर. फळी डोक्यावर घेऊन तरीची वाट बघत उभा राहिलो. तरीवाल्याने पैसे घेतले नाहीत, नुसतं बघत राहिला. ते जास्त लागलं.

गेल्या दिवाळीच्या आधीची एक सकाळ सांगतो. आश्विन वद्य नवमी. चार दिवसांपूर्वी अंदाजात अर्धा मीटर, १८ सेकंद असं काहीतरी चमकून गेलं होतं. आदल्या रात्री आकडा होता १ मीटर, १४ सेकंद, दक्षिण-नैऋत्य. नवमी म्हणजे नऊ पाऊण पावणेसात, वजा एक तास, पावणेसहाला भरती. बाराच्या सुमाराला ओहोटी. मधलं पाणी साडेआठ-नऊच्या आसपास, आणि भांग असल्याने ते तिथे रेंगाळणार. रात्री आभाळ स्वच्छ होतं, अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटलं होतं, तेव्हा मतलई असणार. ती बंद पडेल साडेनऊला. ऑक्टोबर, म्हणजे बांध उभा. हिशेब साडेसात ते साडेनऊ असा निघत होता. ऑफिसात दुपारी येतो म्हणून कळवलं.

सात वाजता पोचलो तेव्हा वाडीत कुणाकडे तरी चकल्या तळायला घेतल्या होत्या. तो वास धुराबरोबर सरळ समुद्राकडे चालला होता. पाणी सपाट. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. एक मुंबईची गाडी आली, काच खाली झाली, आतल्या मुलाने समुद्राकडे बघितलं, काच वर गेली. ते गेल्यावर चारेक मिनिटांनी बाहेर, खूप लांब, पहिली रेघ दिसली. मग तिच्या मागे दुसरी. बांधावर आल्यावर पहिली उभी राहिली, वाऱ्याने तिच्या माथ्यावरून मागे पाण्याची धूळ उडाली, आणि ती उजवीकडून डावीकडे उसवत गेली.

सव्वानऊला तात्या काठावर आले. धूर सरळ वर जात होता, ते मला पाण्यातून दिसत होतं, पण आणखी एक लाट, आणखी एक, असं चाललं होतं. साडेनऊच्या सुमाराला पाठीला गार झुळूक लागायची थांबली आणि समोरून पाण्यावर बारीक शिरशिरी उठली.

"वारो फिरलो," ते ओरडले. "आता भायर ये."

वहीत त्या दिवशीची नोंद आहे: नवमी, १ मी., १४ से., मतलई ९.३० पर्यंत, अकरा लाटा. खाली तात्यांच्या सांगण्यावरून लिहिलेलं, रापणीला पेडवे.